आडवी काडी

सेलमचा ट्रक भुसार गल्लीत मागं मागं येतो.
पोती उतरतात, पांढरी, आतून कुरकुरणारी,
श्रावण तोंडावर आला की जरा जास्तच.
पळनीवेल ड्रायव्हर केबिनमधून उतरतो
आणि नायनाच्या हातात ठेवतो
तमिळ पेपरात गुंडाळलेल्या दोन काड्या,
अंगठ्याएवढ्या जाड, पेरापेराला डोळा.
"मरवळ्ळी," तो म्हणतो.
"मुहोगो," म्हणतो नायना
आणि गप्प होतो,
भर बाजारात कुणाचं तरी नाव घेतल्यासारखा.

म्वान्झाच्या गिरणीत तीन वर्षं त्यानं माग बसवले होते,
पलीकडचा काठ न दिसणाऱ्या तळ्याशेजारी.
परत आला तेव्हा ट्रंकेत दोन पाने,
अम्मासाठी एक छापील कांगा
(अम्मानं त्याची उशांची खोळ केली)
आणि इथं कुणालाच सांगता न येणारी एक चव.

सांगायचा कधी तरी, बॉबिन भरता भरता:
दोन महिने पगार नव्हता,
तेव्हा कचरा कापूस झाडणारी नेमा
दुपारी डबा पुढं सरकवायची.
उकडलेला कंद, वर मीठ-मिरची.
काही मुळं कडू असतात, विषारी,
ती सोलून तीन दिवस पाण्यात ठेवायची,
पाणी फेकायचं, मग खायचं.
तिच्या आईनं तिला मोजायला शिकवलं ते असं,
एक दिवस, दोन दिवस, तीन.

नायनानं तिला सांगितलं होतं,
आमच्याकडं पण हे खातात,
गोल गोल दाणे करून,
उपास असला की.
नेमा हसली.
"म्हणजे आम्ही रोज उपाशी?"

यावर काय बोलायचं ते
त्याला तिथं सुचलं नाही.
नीलम नगरात तीस वर्षं झाली,
इथंही नाही.

काड्या त्यानं मोरीच्या मागं लावल्या,
पाण्याच्या टाकीला टेकून.
नळाला पाचव्या दिवशी पाणी, कधी सहाव्या.
मे महिन्यात तुळससुद्धा कागदासारखी झाली,
विड्याची पानं अम्माच्या सुपात मोडायला लागली,
माग तर कधीच भंगारात गेले होते.
काडी मात्र पंजा उघडत राहिली,
पाच बोटं, सात बोटं,
कुणाला तरी थांब म्हणत असल्यासारखी.

अकराव्या महिन्यात खणलं.
मातीतून आधी एक कोपर निघालं, मग आख्खा हात.
शेजारची पोरं जमली.
साल तपकिरी, आत दुधासारखं पांढरं,
"हे काय वो, नायना?"
"साबुदाणा."
कुणाचाच विश्वास बसेना.
साबुदाणा दुकानात पिकतो की!

दार उघडं ठेवून त्यानं उकडलं,
पाणी दोनदा फेकलं, वरून कडक भाकरीशेजारी ठेवलं.
अम्मानं लांबूनच विचारलं,
"उपासाला चालतंय का?"
"आज बुधवार आहे, इरम्मा.
आज भूक आहे, तेवढ्यावर खा की."

तिनं खाल्लं. बराच वेळ चघळलं.
मग शेंगाचटणीचा डबा ओढला,
भरपूर घातली, पुन्हा खाल्लं,
आणि म्हणाली, "ज्वारीच आहे ही,
फक्त जमिनीखालची."

तीस वर्षं जे त्याला जमलं नव्हतं
ते असं पाटावर बसून, तोंडात घास असताना झालं.
तो उठून मोरीत गेला,
उगाचच चूळ भरत राहिला.

संध्याकाळी खोडाचे तुकडे केले,
वीतभर, वीतभर.
पोरांना वाटले, मला दोन.
मी विचारलं, नायना, डोळा वर कुठला, खाली कुठला?
त्यानं चष्मा कपाळावर चढवला,
काडी उलटसुलट फिरवली.
नेमानं सांगितलेलं, म्हणाला, विसरलो बघ.

मग माती उकरून
ती सरळ झोपवलीच त्यानं, आडवी,
बाळंतिणीशेजारी पोर ठेवतात तशी.
"असं लाव. वर कुठं जायचंय
ते तिचं तिला ठाऊक असतंय."